जुनी गाडी गरम का होते? आधी रोग ओळखा, मग खर्च करा

सभासद बंधु-भगिनींनो,

या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या अंकात मात्र इंजिनाविषयी लिहीत आहोत. शेतकी खात्याच्या माणसाने मिस्त्रीच्या कामात तोंड कशाला घालावे, असे कोणी म्हणेल. ते म्हणणे चूक नाही. पण हंगामात गटात फिरताना रस्त्याच्या कडेला बोनेट वर करून उभी असलेली जुनी जीप किंवा दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर दिसला नाही असा दिवस विरळा. ड्रायव्हर डबा घेऊन पाणी शोधत असतो आणि मागे ट्रॉलीत तोडलेला ऊस उन्हात वाळत असतो. तोडलेला ऊस वाटेत जितका पडून राहील तितके त्याचे वजन घटते आणि साखरही घटते. काट्यावर वजन कमी भरले की ते सभासदाच्याच पदरात कमी पडते. तेव्हा हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही.

दुसरे कारण आमच्या अनुभवाचे आहे. २०२२-२३ च्या हंगामात आमच्या वापरातली जुनी डिझेल जीप गरम होऊ लागली. गावातल्या रस्त्याने, शेतातल्या वाटेने नीट चालायची. मोठ्या रस्त्याला लागली की काटा वर चढायचा. पहिल्यांदा रेडिएटर उतरवून आतून साफ केला. चार दिवसांत पुन्हा तेच. मग वॉटर पंप नवा बसवला. पुन्हा तेच. मग एकाने, "साहेब, आपल्याकडच्या उन्हात याचा काही उपयोग नाही," असे म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला. तरीही तेच. तीन बिले झाली, नोंदी तपासायचे काम मागे पडले, आणि गाडी होती तशीच राहिली.

शेवटी ती एका वयस्क मिस्त्रीकडे नेली. त्यांनी हातात पाना घेण्याआधी एकच प्रश्न विचारला, "साहेब, गाडी नेमकी केव्हा गरम होते?" तोपर्यंत हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता, आणि आम्हीही कोणाला सांगितले नव्हते.

आम्हाला मनातून लाज वाटली. कारण हेच आम्ही सभासदांना नेहमी सांगतो. उसाची पाने पिवळी पडली की लगेच युरियाचे पोते फोडू नका. पिवळेपणा नत्राच्या कमतरतेने येतो, चुनखडीच्या रानात लोह न मिळाल्याने केवडा पडूनही येतो, आणि पाणी साचून मुळ्या गुदमरल्या तरी येतो. लक्षण एक, कारणे तीन, आणि औषधही तीन प्रकारचे. गाडी गरम होणे हेही असेच नुसते लक्षण आहे. त्याचे कारण शोधल्याशिवाय केलेला खर्च केवड्याच्या उसाला युरिया टाकण्यासारखा आहे.

इंजिन थंड कसे राहते

ढोबळ हिशेब असा की जळणातल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश भाग गाडी ओढायला लागतो, एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर जातो, आणि उरलेला साधारण तेवढाच भाग पाणी आणि हवा यांच्यामार्फत बाहेर काढावा लागतो. हा शेवटचा भाग अडला की इंजिन तापते.

पाण्याचा मार्ग आपल्या पाटासारखा आहे. वॉटर पंप पाणी ढकलतो. ते इंजिनाच्या ब्लॉकमधील पोकळ्यांतून हेडमध्ये जाते, तिथून थर्मोस्टॅटच्या दारातून वरच्या होज पाईपने रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून जाताना वाऱ्याने थंड होते, आणि खालच्या होज पाईपने पुन्हा पंपाकडे जाते. पाट कुठेही फुटला, तुंबला किंवा दार उघडलेच नाही तर टोकाच्या रानाला पाणी पोचत नाही. इथेही तसेच आहे. फक्त इथे पाण्याबरोबर वाराही लागतो. वारा पंखा ओढतो आणि जुन्या गाड्यांत पंखा व पंप बहुधा एकाच पट्ट्यावर फिरतात.

रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नव्हे. आपल्या कारखान्यात पॅनमध्ये पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, करतात. त्यामुळे पाक साधारण ६० ते ७० अंशांच्या आसपासच उकळतो आणि साखर करपत नाही. रेडिएटरचे झाकण बरोबर याच्या उलट काम करते. ते आत दाब धरून ठेवते, त्यामुळे पाणी १०० अंशांना उकळत नाही. दर एक पौंड दाबामागे उकळण्याचा अंश सुमारे दीड अंशाने वाढतो. झाकणावर ७ लिहिले असेल तर पाणी ११० च्या आसपास उकळेल, १५ लिहिले असेल तर १२० च्या आसपास. झाकणाचे रबर गेले किंवा स्प्रिंग ढिली पडली की हा फायदा जातो आणि चांगले इंजिनही घाटात पाणी फेकू लागते. उंचावर पाणी आधीच लवकर उकळते. महाबळेश्वरासारख्या ठिकाणी उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, हेही लक्षात ठेवावे.

सर्वांत आधी एक इशारा

गरम इंजिनाचे झाकण उघडू नका. हे वाक्य आम्ही दोनदा लिहायला तयार आहोत. २०१९ च्या मार्चमध्ये आमच्या गटातील एका सभासदाच्या चिरंजिवाने, ऊस गव्हाणीवर वेळेत पोचावा म्हणून, घाईने फडके गुंडाळून झाकण फिरवले. ११० अंशांचे पाणी दाब सुटताच एका क्षणात वाफ होऊन उसळते, फडके त्याला काय अडवणार? हात आणि छाती भाजली. ऊस दुसऱ्या दिवशी गेला, मुलगा मात्र कित्येक आठवडे दवाखान्याच्या फेऱ्या करत होता.

इंजिन बंद करून निदान अर्धा तास, मोठे इंजिन असेल तर त्याहून जास्त वेळ थांबा. वरचा होज पाईप हाताने दाबून पाहा. तो मऊ लागला आणि हात ठेववला तरच, तोंड बाजूला करून, झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा. वाफ पूर्ण निघू द्या, मग काढा. कोणी भाजलेच तर भाजलेला भाग साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नये. स्वच्छ कापड झाकून दवाखाना गाठावा.

दुसरी चूक म्हणजे तापलेल्या इंजिनात विहिरीचे गार पाणी ओतणे. तापलेल्या बिडाला गार पाणी लागले की हेडला किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो. पाचशे रुपयांचे काम मग पुढे किती हजारांवर जाईल ते सांगता येत नाही.

केव्हा गरम होते, त्यावरून अंदाज

मिस्त्रीकडे जाण्याआधी आठ दिवस ड्रायव्हरला एवढेच विचारावे आणि वहीत लिहून ठेवावे.

१) उभी असताना किंवा सावकाश चालताना गरम, वेगात गेली की थंड: दोष बहुधा वाऱ्यात आहे. वेगात रस्त्यावरचा वारा आपोआप मिळतो, उभी असताना तो पंख्यानेच ओढावा लागतो. पट्टा सैल, पंखा तुटका, पंख्याभोवतीचे कव्हर कधीतरी काढून टाकलेले, किंवा पंखा दुरुस्तीनंतर उलटा बसवलेला, असे काहीतरी निघते. विजेचा पंखा असेल तर तो सुरू होतो का ते पाहावे.

२) सावकाश चालताना थंड, वेगात किंवा चढाला गरम: दोष बहुधा पाण्याच्या प्रवाहात आहे. रेडिएटर आतून तुंबलेला, बाहेरून पाचटाने भरलेला, पंपाची पाती झिजलेली, किंवा खालचा होज पाईप आत ओढला जाणारा.

३) सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच गरम: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे, पाणीच कमी आहे, किंवा हेड गॅस्केट गेले आहे.

४) पाणी बाहेर कुठे गळत नाही, तरी रोज कमी होते: झाकण खराब, किंवा पाणी इंजिनाच्या आत जाते आहे. हे गंभीर समजावे.

५) काटा वर, पण इंजिन हाताला नेहमीसारखेच, वाफ नाही, पाणी कमी नाही: काटा किंवा त्याचा सेन्सर खोटे बोलत असेल.

यातल्या पाचव्या गोष्टीची उलटी बाजू जास्त घातक आहे. पाणी फारच खाली गेले की सेन्सर पाण्याबाहेर नुसत्या वाफेत राहतो आणि काटा एकदम खाली येऊ शकतो. ड्रायव्हर म्हणतो, "बरं झालं, थंड झाली," आणि इंजिन आत भाजत असते. वर चढलेला काटा कारणाशिवाय एकाएकी खाली आला तर समाधान मानू नका, गाडी थांबवा.

आमची जीप दुसऱ्या प्रकारात बसत होती. मिस्त्रींनी बोनेट उघडे ठेवून इंजिन सुरू केले. रिकाम्या फेऱ्यांवर सगळे ठीक होते. मग त्यांनी पंख्यापासून दूर उभे राहून हळूहळू रेस वाढवायला सांगितले आणि खालच्या होज पाईपकडे बोट केले. पाईप चपटा होऊन जवळजवळ मिटला! पंप जोरात ओढू लागला की मऊ पडलेला पाईप आत बसत होता. तो बसू नये म्हणून आत तारेची स्प्रिंग असते. ती गंजून कधीच नाहीशी झाली होती. रेस कमी केली की पाईप फुगून पूर्ववत. त्यामुळे गॅरेजमध्ये उभ्या गाडीत कोणालाच दोष दिसला नव्हता. स्प्रिंगसह नवा पाईप बसवला, थर्मोस्टॅट परत बसवला, आणि तेव्हापासून तो त्रास नाही. तिन्ही बिलांच्या मानाने त्या पाईपची किंमत सांगायलाही संकोच वाटतो.

तपासणीचा क्रम: फुकट ते महाग

खालची तपासणी इंजिन थंड असतानाच करावी. क्रम मोडू नये. पहिल्या चार गोष्टींना बहुधा खर्च येत नाही.

पहिले, पाणी. झाकण काढून पातळी पाहा. पाणी तांबूस असेल तर आत गंज आहे, वर तेलाचा तवंग असेल तर पुढील हेड गॅस्केटचा भाग वाचा.

दुसरे, बाहेरची जाळी. ऊस वाहतुकीच्या गाडीत हे सर्वांत जास्त आढळते. पाचटाचा भुगा, धूळ आणि चिलटे मिळून जाळीवर गोधडी तयार होते. ट्रॅक्टरला तर हंगामात हे रोजचेच. इंजिनाच्या बाजूने बाहेर, म्हणजे वारा येतो त्याच्या उलट दिशेने, हलक्या धारेने पाणी मारावे. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर पातळ पत्रे मुडपतात आणि वारा कायमचा अडतो.

तिसरे, पट्टा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबावा. साधारण अर्धा इंच दबला तर ठीक. जास्त दबला तर तो घसरतो. फार ताणलेला असेल तर पंपाचे बेअरिंग खातो. आतल्या बाजूने भेगा किंवा चकाकी दिसली तर बदलावा.

चौथे, गळती. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवा, सकाळी ठिपके कुठे पडले ते पाहा. पंपाच्या अंगाला खालून एक लहान भोक असते. तिथून ओघळ आला असेल तर पंपाचे सील गेले. ते भोक बुजवू नये, ते मुद्दाम ठेवलेले असते. रेडिएटरच्या जोडावर पांढरे किंवा तांबूस डाग म्हणजे जुनी गळती.

पाचवे, झाकण. रबर, स्प्रिंग पाहा. गाडी थंड झाल्यावर वरचा पाईप आत ओढल्यासारखा चपटा दिसत असेल तर झाकणातली लहान झडप अडकली आहे. नवे झाकण घेताना जुन्यावरचाच आकडा पाहून घ्या. जास्त दाबाचे झाकण जुन्या रेडिएटरला बसवले तर सांधे उसवतात.

सहावे, होज पाईप. दाबून पाहा. फार मऊ, फुगलेला, भेगाळलेला असेल तर बदला. खालच्या पाईपमध्ये स्प्रिंग आहे ना, याची खात्री करा. आम्ही ती केली नव्हती.

सातवे, थर्मोस्टॅट. त्याच्यावर अंशांचा आकडा कोरलेला असतो, बहुतेक ८० च्या आसपास. पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने लोंबता सोडावा, तळाला टेकू देऊ नये. शेजारी तापमापी धरून पाणी तापवावे. कोरलेल्या आकड्याच्या जवळपास तो उघडू लागला पाहिजे. पाणी उकळले तरी मिटलेलाच राहिला तर दोष सापडला.

आठवे, रेडिएटर आतून. इंजिन चांगले गरम करून बंद करा आणि जाळीच्या निरनिराळ्या भागांचे तापमान पाहा. हल्ली बंदुकीसारखी लांबून तापमान दाखवणारी यंत्रे स्वस्त मिळतात, त्याने हात न लावता काम होते. मधेच एखादा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. विजेचा पंखा असेल तर इंजिन बंद असतानाही तो एकदम सुरू होऊ शकतो, तेव्हा बोटे सांभाळा.

याशिवाय चाकाचा ब्रेक धरणे, क्लच घसरणे, इंजिनात तेल कमी असणे, डिझेल पंपाचे टायमिंग चुकणे आणि क्षमतेबाहेर भरलेले वजन यांनीही गाडी तापते. इथे पाण्याची व्यवस्था निर्दोष असते, तिच्यावर ओझेच जास्त पडते.

हेड गॅस्केट गेले हे कसे ओळखावे

खर्चाचे काम हेच, म्हणून ते अंदाजाने करू नये. खुणा अशा: थंड इंजिन सुरू करताच मिनिटभरात वरचा पाईप दगडासारखा कडक होतो, कारण सिलिंडरचा दाब पाण्यात शिरतो. झाकण काढून थंड इंजिन सुरू केले तर पाण्यात सतत बुडबुडे येत राहतात. तेलाची पट्टी काढली तर तेल दुधाळ चहासारखे दिसते. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नाही. एकच खूण दिसली म्हणून हेड उतरवू नका. उदाहरणार्थ, थंडीत गाडी थोडीथोडीच चालली तर तेलाच्या झाकणाखाली दवाचा पांढरा साय येतो, तो गॅस्केटचा दोष नसतो. दोन-तीन खुणा एकत्र आल्या तर मात्र गाडी चालवू नका. तेलात पाणी मिसळले की बेअरिंगे जातात, आणि सिलिंडरमध्ये पाणी साठले असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

हेड उतरवलेच तर ते सपाट आहे का आणि त्याला तडा आहे का, हे तपासून घ्यावे. वाकलेल्या हेडवर नवे गॅस्केट टिकत नाही. आणि ज्या कारणाने गाडी तापली ते कारण आधी दूर करावे, नाहीतर नवे गॅस्केटही त्याच वाटेने जाईल.

पाणी कोणते घालावे

आपल्या कारखान्याच्या बॉयलरला नदीचे किंवा विहिरीचे पाणी तसेच्या तसे देत नाहीत. वाफेचे पुन्हा झालेले पाणी किंवा क्षार काढलेले मऊ पाणी देतात, आणि तेही प्रयोगशाळेत तपासून. कारण क्षाराचा थर नळ्यांत बसला की उष्णता पलीकडे जात नाही आणि नळी जळते. ज्या बोअरच्या पाण्याने आपल्या ठिबकच्या तोट्या बुजतात तेच पाणी आपण इंजिनात ओततो. पाणी तापले की त्यातला चुना बाहेर पडून आतल्या अंगाला बसतो. हा थर बिडापेक्षा कितीतरी पटींनी उष्णता अडवतो, म्हणजे इंजिनाला आतून घोंगडी पांघरल्यासारखेच. रोज नवे पाणी घालणे म्हणजे रोज नवा चुना घालणे.

म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट यांचे मिश्रण वापरावे. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असे विचारतात. कूलंटमधले औषध गंज थांबवते, पंपाचे सील राखते, आणि मिश्रण साध्या पाण्यापेक्षा उशिरा उकळते. प्रमाण ३० ते ५० टक्के पुरे. नुसते कूलंट ओतू नये, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे. दोन प्रकारचे कूलंट एकमेकांत मिसळू नये, नुसता रंग सारखा म्हणून प्रकारही सारखा असे समजू नये. डब्यावर लिहिलेल्या मुदतीत बदलावे.

कूलंटमधले ग्लायकोल विषारी असून चवीला गोडसर असते. उघड्या घमेल्यात काढून ठेवले तर कुत्रे किंवा वासरू चाटते, लहान मूल बोट घालते, आणि जीवावर बेतते. ते पाटात, ओढ्यात किंवा गोठ्याजवळ ओतू नये.

आणखी एक विनंती. ठिबक साफ करायचे ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा रेडिएटरमध्ये घालू नका. कारखान्यात रस आटवण्याच्या नळ्या कॉस्टिकने साफ करतात हे खरे, पण ते काम मापात आणि देखरेखीखाली होते. जुन्या रेडिएटरचे झाळकाम आणि ॲल्युमिनियमचे हेड त्याने खाल्ले जाते. साफ करायचे तर त्यासाठीचेच औषध वापरावे किंवा थर्मोस्टॅट काढून, स्वच्छ पाणी उलट दिशेने सोडून धुवावे. पुन्हा भरताना सावकाश भरावे आणि झाकण उघडे ठेवून थंड इंजिन थोडा वेळ रिकाम्या फेऱ्यांवर चालवावे, म्हणजे अडकलेली हवा निघते. हवा राहिली तर दुरुस्ती करूनही गाडी तापते आणि दोष बिचाऱ्या मिस्त्रीला लागतो.

थर्मोस्टॅट काढू नका

"गरम देशात थर्मोस्टॅट नको" हा समज गटागटांत पसरला आहे. तो सोडून द्यावा. थर्मोस्टॅट नसला की इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येत नाही. डिझेल नीट जळत नाही, खर्च वाढतो, तेलात मळी साठते आणि बोअर लवकर घासतो. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना जवळची आडवाट बंद करतो. तो काढला तर पाणी रेडिएटरला वळसा घालून त्या आडवाटेनेच फिरत राहते आणि गाडी थंड होण्याऐवजी जास्त तापते. पाटाचे दार नीट उघडत नसेल तर आपण दार दुरुस्त करतो. दार उपटून टाकले तर पाणी आपल्याच रानात येईल याची हमी नसते.

वाटेत गरम झाली तर

काटा चढू लागताच एसी असेल तर बंद करा, वेग व ओझे कमी करा, हीटर असेल तर पूर्ण चालू करा. त्याने उष्णतेला आणखी एक वाट मिळते. वाफ दिसली, पट्टा तुटला किंवा पाणी वाहताना दिसले तर गाडी बाजूला घेऊन ताबडतोब बंद करा. नंबर जाईल, ऊस वाळेल, हे आम्हाला कळते. पण हेड गेले तर पूर्ण पाळी जाते. अशा वेळी गट ऑफिसला किंवा चिटबॉयला फोन करावा. दुसरा ट्रॅक्टर लावून ट्रॉली पुढे नेता येते का ते पाहता येते. थंड झाल्यावर पाणी घालताना शक्यतो कोमट पाणी, इंजिन रिकाम्या फेऱ्यांवर सुरू ठेवून, थोडेथोडे घालावे.

जुनी गाडी ठेवण्यात कमीपणा काही नाही. ॲम्बेसिडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले, तरी ती सांभाळून वापरणारे लोक आहेत. जुन्या गाडीला नव्यापेक्षा जास्त लागते ते पैसे नव्हेत, लक्ष लागते.

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर, जीप, इंजिन सगळ्यांना हार घालतो, हळदकुंकू वाहतो. हंगामही त्यानंतर लवकरच सुरू होतो. यंदा हार घालण्यापूर्वी बोनेट उघडून एकदा पट्टा दाबून पाहा, जाळी धुवा, झाकणाचे रबर पाहा आणि खालच्या पाईपमधली स्प्रिंग चाचपा. अर्ध्या तासाचे काम आहे. आणि तरीही गाडी मिस्त्रीकडे न्यायची वेळ आली, तर "गरम होते" एवढेच सांगू नका. "केव्हा गरम होते" ते सांगा. ते सांगितले नाही म्हणून आमची तीन बिले वाया गेली, सभासदांची जाऊ नयेत.

कळावे,
आपला,
ऊस विकास अधिकारी